नवसाला बांधलेली मोटार

“तिला अशी एकदम बंद करायची नाही, अण्णै. आधी रॉकेलची तोटी फिरवायची. मग दोन चमचे पेट्रोल पाजायचं. मिनिटभर तिचा आवाज ऐकायचा, आणि मगच तिला झोपवायचं.”

मित्रांनो, हे सांगणे सूसैपिल्लै मिस्त्रीचे. ते माझ्या मालकाला उद्देशून होते, पण ऐकले मीही. ज्या काळात पेट्रोल औषधासारखे मोजून मिळे, त्या काळात या चार वाक्यांवर माझा जीव टिकून होता.

मी ऑस्टिन घराण्यातली एक म्हातारी मोटार. जाफन्यात मला आणि माझ्या बहिणींना ‘ए-फॉर्टी’ म्हणतात. आज पन्नाशीला टेकले. माझा मूळचा रंग गर्द हिरवा होता. आता तो कुठे आहे आणि कुठे नाही, हे माझे मलाही सांगता यायचे नाही.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथली आठवण फारशी नाही. भट्टीची धग, पत्र्यावर पडणारे हातोडे, आणि एका बाईने माझ्या मागच्या गादीवर घातलेली शेवटची टीप, एवढेच आठवते. ती बाई कामाला हात घालताना काहीतरी पुटपुटत असे. प्रार्थना असावी. मग जहाज, मग कोलंबोचे बंदर, आणि तिथून वट्टुक्कोट्टैच्या अंबलवाणर वकिलांचे अंगण. वकिलांनी मला नऊ वर्षे जपले. पण त्यांचे जपणे म्हणजे झाकून ठेवणे. आठवड्यातून एकदा कोर्ट, एकदा देऊळ, आणि उरलेले दिवस खादीच्या चादरीखाली. त्या नऊ वर्षांत मी जितकी कुरकुरले तितकी पुढच्या सदतीस वर्षांत कुरकुरले नाही.

मग मला कदिरगामू यांनी घेतले. ते आधी लॉरीवर होते. कांदा आणि तंबाखू घेऊन कोलंबोला जायचे. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी माझ्या चारी चाकांखाली लिंबे ठेवली, कापूर ओवाळला, बॉनेटवर विभूतीची तीन बोटे ओढली, आणि मोठ्या इस्पितळासमोरच्या टॅक्सीथांब्यावर मला नेऊन उभी केली. त्या दिवसापासून त्यांचा एक नेम होता. पहाटे आंघोळ, देवापुढे दिवा, मग मला ओल्या फडक्याने पुसणे, आणि त्यानंतरच चहाचा पहिला घोट. ताप असला तरी नेम चुकला नाही. नवरी देवळात नेली, परीक्षेची मुले नेली, तंबाखूचे व्यापारी नेले, आणि इस्पितळातून घरी परतणारी माणसे नेली. त्यांतली काही बसून परतत, काही आडवी.

माझ्या मैलांच्या तबकडीला पाचच आकडे. सगळे नऊ भरले की ती पुन्हा शून्यावर येते. असे झाले की कदिरगामू असतील तिथे गाडी थांबवत, रस्त्याकडेला नारळ फोडत, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला छिन्नीने एक खूण करत. एकदा मागे एक घाईतला व्यापारी बसला होता.

“अहो, मला आधी पोचवा. पूजा नंतर करा की.”

“लाख मैल हिने मोजले, साहेब. मी निदान एक नारळ फोडू नको?”

 शेवटी व्यापाऱ्याने स्वतःच खोबऱ्याचा तुकडा मागून घेतला.

अशा सात खुणा झाल्या. सात लाख मैल. थांब्यावरचा एक शिकलेला ड्रायव्हर म्हणाला होता, एवढ्यात माणूस चंद्रावर जाऊन परत आला असता आणि पुन्हा अर्ध्याहून जास्त वाट चढला असता. त्यावर कदिरगामू म्हणाले, “चंद्रावर सवारी मिळत नाही रे.”

आता विसालाक्षींबद्दल सांगायला हवे. त्या कदिरगामूंच्या पत्नी. अंगाने काडी, आवाज इतका हळू की कोंबड्यांना दाणे टाकताना कोंबड्यासुद्धा मान वाकडी करून ऐकत. शुक्रवारी एकभुक्त, आणि कार्तिकातल्या षष्ठीला सहा दिवस फक्त दूध आणि एक केळे. लग्नाला अठरा वर्षे झाल्यावर त्यांना एक मुलगी झाली. तिचे नाव तिलगवती, घरात तिलगम. बाईंची एक खंत होती आणि ती त्या नवऱ्याला अधूनमधून ऐकवत. मुरुगन देवाचे, म्हणजे सहा मुखांच्या कार्तिकेयाचे, मोठे ठाणे कदिरगामला, बेटाच्या पार दक्षिण टोकाला. “नाव त्या देवाचं लावून फिरता, आणि त्याच्या दारात एकदाही गेला नाहीत.” कदिरगामू हसत आणि म्हणत, “सवारी मिळाली की जाऊ.”

तिलगम सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मार्गळी, म्हणजे मार्गशीर्ष महिना होता, चार दिवस पाऊस थांबला नव्हता, रस्ते आणि शेते एक झाली होती. पोरीला घटसर्प झाला. घशात पडदा धरला, श्वास शिटीसारखा वाजू लागला. विसालाक्षी मागच्या गादीवर तिचे डोके मांडीवर घेऊन बसल्या. पाणी माझ्या दारांपर्यंत आले होते. तीनदा माझे इंजिन गुदमरले, तीनदा कदिरगामूंनी पाण्यात उतरून हँडल मारले. तिसऱ्या वेळी मागून विसालाक्षींचा आवाज आला. तो मात्र हळू नव्हता.

“मुरुगा, माझी पोर राख. मी तिला तुझ्या कदिरगामला आणीन. याच गाडीतून, याच गादीवर बसवून आणीन.”

पोर वाचली. पाचव्या दिवशी तिने इस्पितळात तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पिट्टू मागितला आणि केळ्याशिवाय खाणार नाही म्हणून रुसली.

नवसाची गोष्ट मग थांब्यावर पसरली. कदिरगामूंनी कपाळावर हात मारला. “अगं, चालत येईन म्हणायचं. बसनं येईन म्हणायचं. गाडीला कशाला गुंतवलंस? ही आज आहे, उद्या नाही.”

“जे हाताखाली होतं ते तोंडात आलं,” विसालाक्षी म्हणाल्या. “माझा एक हात पोरीवर होता, एक गादीवर.”

सूसैपिल्लै मिस्त्री तेव्हा माझ्या पोटातले पाणी काढत होते. ते गुरुनगरच्या कोळीवाड्यातले, ख्रिस्ती, जिभेला धार असलेले गृहस्थ. “अक्का, तुमच्या देवाकडे मोर आहे ना? मग ही म्हातारी त्याला कशाला?”

“मोर त्याचा आहे, तंबी. गाडी माझ्या शब्दातली आहे.”

बाई सूसैंना तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. सूसैंनी पाना खाली ठेवला आणि मान हलवली. मित्रांनो, बोललेला नवस आणि फुटलेला नारळ परत जोडता येत नाही, हे कोळीवाड्यातही ठाऊक असते. नवस फिटेपर्यंत बाईंनी आंबा सोडला. मी ज्या झाडाखाली उभी राहते ते आंब्याचेच आहे, आणि त्या जातीचा आंबा साऱ्या बेटावर नावाजलेला. दरवर्षी तो पिकायचा, माझ्या टपावर पडायचा, आणि बाई तो उचलून शेजारी वाटायच्या.

जायचे ठरले होते आडी, म्हणजे आषाढ महिन्यात, जत्रेला. त्याच्या आदल्याच महिन्यात लढाई पेटली आणि दक्षिणेला जाणारा रस्ता बंद झाला. सर्वांना वाटले, दोन-चार महिन्यांत उघडेल. तो बारा वर्षे बंद राहिला. एक तपच म्हणायचे.

त्या बारा वर्षांत मला जिवंत ठेवणे हेच त्या घराचे काम झाले.

पहिल्यांदा कदिरगामूंना वाटले, मला झाकून ठेवावे. रस्ता उघडला की काढावे. सूसैंनी त्यांना वेड्यात काढले. “उभी राहिली की मेली समजा. पाय न हलवणाऱ्या म्हाताऱ्याचं काय होतं? चाक रोज फिरलं पाहिजे, अण्णै. अर्धा मैल का होईना, रोज.”

पण फिरवायचे कशावर? पेट्रोल यायचे बंद झाले होते. बॅटऱ्या येत नव्हत्या, सुटे भाग येत नव्हते, साबणसुद्धा येत नव्हता. मिळायचे ते रॉकेल, तेही शिध्यावर. तेव्हा जाफन्याच्या मिस्त्रींनी आमच्या जातीला रॉकेल प्यायला शिकवले. इस्पितळातली सलाईनची नळी, वर उलटी टांगलेली बाटली, बाटलीत चार चमचे पेट्रोल. त्या थेंबांवर मला जागे करायचे, अंग तापले की तोटी फिरवून रॉकेलवर सोडायचे. काम संपले की पुन्हा दोन चमचे पेट्रोल, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या श्वासाची सोय गळ्यात राहते. हे विसरले तर गळ्यात रॉकेल राहते, आणि थंड रॉकेलवर मोटार उठत नाही. म्हणूनच मिस्त्रींचे ते चार वाक्यांचे सांगणे.

पेट्रोलची ती छोटी बाटली विसालाक्षी देवघरात ठेवत, तिळाच्या तेलाच्या शेजारी. घरात मात्र रॉकेलवरून ओढाताण होती. तिलगमचा अभ्यास मुरंब्याच्या बाटलीत वात घालून केलेल्या दिव्यावर चाले. त्या दिव्याला लागणारे रॉकेल आणि मला लागणारे रॉकेल एकाच डब्यातले.

“अप्पा, आज गाडीला थोडं कमी पाजा. उद्या गणिताची परीक्षा आहे.”

“कमी पाजलं तर पायानं ढकलशील?”

“ढकलीन. पण आधी गणित सोडवीन.”

कदिरगामू डब्याकडे बघत, पोरीकडे बघत, आणि दिव्यात ओतत. दुसऱ्या दिवशी माझा फेरा अर्ध्या मैलाचा होई. पण होई.

ब्रेकमध्ये एरंडेल घालायचे. गॅस्केट पुठ्ठ्याची. पिस्टन घासले तेव्हा सूसैंनी बायकोची दोन अॅल्युमिनियमची पातेली वितळवून नवे ओतले आणि आठवडाभर घरी त्यांना मडक्यातला भात मिळाला. एकदा कार्बोरेटरचा एक इवलासा स्क्रू वाळूत पडला. दोघे पुरुष तासभर गुडघ्यांवर रांगत होते.

“तुमच्या मुरुगाला सांगा की सहा तोंडांनी शोधायला,” सूसै म्हणाले.

“हरवलेली वस्तू शोधणं तुझ्या संत अंतोनियारचं खातं ना?” विसालाक्षींनी दारातून विचारले. “त्याच्या कामात आमचा देव हात घालत नाही.”

सूसै हसले. त्यांनी गळ्यातला क्रूस हातात धरून काहीतरी म्हटले, आणि स्क्रू सापडला तो त्यांच्याच लुंगीच्या ओच्यात. त्या संध्याकाळी बाईंनी अंतोनियारच्या चर्चमध्ये एक मेणबत्ती पाठवली.

मैलांच्या तबकडीची तार या काळात कधीतरी तुटली. त्यानंतरचे मैल कोणी मोजले नाहीत. मी मोजले असतील, पण माझा हिशेब कोण विचारतो? बाळंतिणी नेल्या, जखमी नेले. एका पावसाळ्यात सारे गावच उठून खाडीपलीकडे निघाले, तेव्हा तांदळाचे पोते, देवाची तसबीर, तिलगम आणि शेजारच्या तीन म्हाताऱ्या एवढ्यांना घेऊन मी पाच मैल एका अख्ख्या दिवसात गेले. पुढची माणसे चालत होती आणि मला त्यांच्याहून वेगाने जायची लाज वाटत होती. सहा महिन्यांनी परत आलो तेव्हा घराला छप्पर नव्हते. आंबा होता.

विसालाक्षींची संध्याकाळ माझ्या आवाजाने सुरू व्हायची. रॉकेलवर माझा आवाज जाडा आणि खोकल्यासारखा असे. गळ्यात पेट्रोल पडले की तो हलका होई, आणि मग थांबे. तो मिनिटभराचा हलका आवाज आला की बाई चुलीवर चहाचे पाणी ठेवत आणि ताडगुळाचा खडा फोडत.

एके दिवशी दुपारी, ऊन कलायच्या बेताला, मी अंगणात आले आणि जाड्या आवाजातच बंद झाले. मधला हलका आवाज झालाच नाही.

विसालाक्षी हातात खवलेला नारळ तसाच घेऊन बाहेर आल्या. कदिरगामू स्टिअरिंगमागे बसून होते. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्याचा असावा तसा.

“अहो, पेट्रोल पाजलं नाहीत?”

त्यांनी बाईंकडे पाहिले. “कुणाला?” ते म्हणाले.

चार महिने ते अंथरुणावर होते. अर्धे अंग गेले होते, शब्दही बहुतेक गेले होते. सूसै रोज सायकलवरून यायचे, शेजारी बसायचे, गावातल्या कोणाचे इंजिन कसे बिघडले ते सांगायचे. एक दिवस कदिरगामूंनी फार कष्टाने एक शब्द जुळवला. “रस्ता.”

 सूसै म्हणाले, “उघडला की मी नेतो. अक्काला, पोरीला, आणि हिला. तुमच्या देवाची शपथ मला चालायची नाही, म्हणून माझ्या आईची घेतो.”

पंगुनी महिन्यात कदिरगामू गेले.

त्यानंतर मी चार वर्षे आंब्याखाली उभी होते. दुखणाईताच्या धावपळीत मला फिरवायचे राहिले, आणि दुःखात राहिले ते राहिलेच. मित्रांनो, मी कोणाला दोष देत नाही. पोटातले रॉकेल आटून डिंकासारखे झाले. टायर जमिनीत रुतले. पुढच्या आसनावर एका कोंबडीने संसार थाटला. मागची गादी मात्र तिलगमने कोणाला दिली नाही. ती दप्तर घेऊन येई, दार ओढून घेई आणि तिथे बसून अभ्यास करी. ती आता शिक्षिका व्हायचे शिक्षण घेत होती. कधी पुस्तक मिटून गादीवर हात ठेवून नुसतीच बसे. तो नवस तिच्या श्वासाचा होता, हे तिला ठाऊक होते.

आणि मग एका चित्रै महिन्यात रस्ता उघडला.

पहिल्या महिन्यातच कोलंबोहून एक गृहस्थ जुन्या मोटारी शोधत आले. माझ्याभोवती दोन फेऱ्या घातल्या, कोंबडीला बघून हसले, आणि मला रंगवून दिवाणखान्यासारख्या जागेत ठेवायची भाषा करू लागले. त्यांना घेऊन आले होते विसालाक्षींचे धाकटे भाऊ रासरत्तिनम.

“अक्का, हे गृहस्थ देतायत त्यात छप्पर होईल, पोरीचं लग्न होईल. आणि राहील त्यात कदिरगामला वातानुकूलित गाडीनं जा. देव काय दारात उभा राहून गाडीचा नंबर बघतो?”

“नाही बघत.”

“मग?”

“मी बघते, तंबी.”

“ही उठायची नाही. चार वर्षं उभी आहे. मेलेल्या माणसाच्या खांद्यावर बसून जत्रेला जायचं म्हणतेस तू.”

 बाईंनी गृहस्थांना चहा दिला, ताडगूळ दिला, आणि नमस्कार केला. ते गेल्यावर तिलगम म्हणाली, “अम्मा, आपण बसनं गेलो तरी देवाला ओळख पटेल.”

“देवाला पटेल गं. मला पटायची नाही.” चहाचे कप उचलत त्या म्हणाल्या, “आणि पुढच्या आडीपर्यंत रस्ता उघडा राहील, असं कोणी लिहून दिलंय?”

तिलगम उठली. माझे पुढचे दार उघडून तिने कोंबडीला पिल्लांसकट परसात नेले.

सूसैपिल्लै दुसऱ्या दिवशी आले. त्यांचेही वय झाले होते. हात कापत होते, एक कान गेला होता. त्यांनी बॉनेट उघडले आणि हँडल घालून पाहिले. मी हलले नाही. आतले पिस्टन भिंतींना धरून बसले होते.

“धरलंय,” ते म्हणाले.

“सुटेल?” बाईंनी विचारले.

“ते तिला विचारा.”

त्यांनी प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये खोबरेल आणि पेट्रोल ओतले. “आता घाई करायची नाही. रोज यायचं, रोज थोडं ओतायचं, रोज एकदा हँडलला जोर लावायचा. एकदाच.”

पाच दिवस तसे चालले. विसालाक्षींनी ते पाच दिवस फक्त दुधावर काढले. कोणी सांगितले नव्हते. सकाळी सूसै यायच्या आधी त्या माझ्यासमोर एक दिवा लावून ठेवायच्या. पाचव्या दिवशी सूसैंनी जोर लावला, हँडल हलले नाही, आणि ते माझ्या बंपरला टेकून खाली बसले.

“मिस्त्री मेला की असा मरतो,” ते म्हणाले. “अवजार हातात आणि जोर नाही.”

सहाव्या दिवशी त्यांनी हँडल धरले तेव्हा विसालाक्षींनी पदर खोचला आणि त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. सदतीस वर्षे मी त्यांच्या दारात होते, पण माझ्या हँडलला त्यांनी कधी हात लावला नव्हता. ते पुरुषाचे काम मानले जायचे. मग तिलगमनेही हात घातला. जागा नव्हती, तरी घातला.

“मी म्हटलं की,” सूसै म्हणाले. “आता.”

मला आत कुठेतरी करकरल्यासारखे झाले. झोपलेल्या पायावर उभे राहताना माणसाला होते तसे. हँडल एक बोट खाली गेले. मग दोन बोटे. मग ते पुरते फिरले आणि तिघे जण एकमेकांवर पडले. सूसै जमिनीवर बसूनच माझ्या मडगार्डला थोपटत राहिले. बाईंनी डोळे मिटले होते.

त्यानंतर पंधरा दिवस टाकी धुणे, नळ्या बदलणे, ब्रेक बसवणे चालले. आता बाजारात पेट्रोल होते, त्यामुळे रॉकेलची तोटी काढून टाकली. निघायच्या दिवशी पहाटे रासरत्तिनम आले आणि फाटकाला टेकून उभे राहिले. “वाटेत बंद पडलात तर मला निरोप पाठवू नका,” ते म्हणाले. मग वाकून चारही टायर दाबून पाहिले, आणि डावा मागचा मऊ आहे म्हणत स्वतःच पंप मारत बसले.

सूसै पुढे, तिलगम आणि विसालाक्षी मागच्या गादीवर. दोन्ही बाजूंना शेंडे उडालेल्या ताडांच्या रांगा, लाल पाट्यांवर सुरुंगांचा इशारा देणाऱ्या कवट्या. मी जपून चालत होते. मुहमालैच्या लष्करी चौकीवर शिपायाने हात वर केला.

“इंजिन बंद करा. सगळे खाली.”

सूसैंनी चावीकडे पाहिले. वीस मैल मी एकदाही थांबले नव्हते. बंद केल्यावर उठेन की नाही, हे त्यांना माहीत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. त्यांनी बंद केले.

तासभर तपासणी चालली. गाद्या उचलल्या, डिकी रिकामी केली, पिशवीतले तांदूळ चाळले. मी उन्हात गप्प उभी होते. मित्रांनो, तुम्हाला जे सांगायचे ते मी त्या तासात मनाशी म्हटले. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. ती रोज वापरा, रोज पुसा. आणि तिला भंगारात काढायची वेळ आली, तर एवढेच बघा की घरातल्या कोणाचा शब्द तिच्यावर ठेवलेला तर नाही ना. असेल, तर तो पुरा होईपर्यंत तिला हाताशी ठेवा. आम्हाला त्याहून जास्त आयुष्य नको असते.

शिपाई कागद परत द्यायला आला. तरुण होता, सिंहली होता. तुटक तमिळमध्ये त्याने विचारले, “कुठे?”

“कदिरगाम,” विसालाक्षी म्हणाल्या.

त्याचा चेहरा बदलला. “कतरगम?” त्याने त्याच्या भाषेत त्याच देवाचे नाव घेतले. मग तो माझ्याकडे बघत राहिला, गंजलेल्या दारांकडे, विभूतीच्या बोटांकडे. “या गाडीनं?”

“याच गाडीनं.”

“माझी आई दरवर्षी जायची. आता गुडघे गेले.” त्याने मागे वळून पाहिले, दुसरे शिपाई दूर होते. “तिच्या नावानं एक दिवा लावाल, अम्मा?”

“नाव सांग.”

“सोमावती.”

बाईंनी मान हलवली. सूसै हँडल घेऊन पुढे आले. पहिल्या फेऱ्याला मी नुसती हुंकारले. दुसऱ्याला तेवढेही नाही. सूसैंनी कपाळाचा घाम पुसला, हँडल पुन्हा बसवले, आणि या वेळी मी सगळ्या अंगाने ती ठिणगी धरली.

 सूसै आत बसले. मागच्या गादीवर विसालाक्षी ओठांतल्या ओठांत ते अनोळखी नाव घोळवत होत्या, विसरू नये म्हणून. सोमावती, सोमावती. शिपायाने आडवा बांबू वर उचलला, आणि मी दक्षिणेकडे तोंड करून हळूच चालू लागले.